खंड्याचा लसूण

परवा मामाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप पुढे ढकलला. कुत्र्याला रोज लसणाची एक पाकळी द्या, गोचिडी लागणार नाहीत, जंत पडतील, रक्त शुद्ध होईल. खाली मामाची स्वतःची पुस्ती : "आईने खंड्याला जन्मभर दिला. चौदा वर्षं जगला." अर्ध्या घराचे अंगठे वर. तेवढ्यात न्यू जर्सीहून भाचीचं उत्तर आलं, की लसूण कुत्र्यांना विष असतो आणि पणजीला कुणीतरी वेळीच थांबवायला हवं होतं. मग काय, जे व्हायचं ते झालं. मामा दोन दिवस ग्रुपवर बोलला नाही.

मी मध्ये पडले नाही, कारण मला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. निफाडकडचं आमचं गाव, तेव्हा घरात कांद्या-लसणाला काय तोटा! ओसरीवर लसणाच्या जुड्या टांगलेल्या असायच्या. पावसाळा लागला की आजी ठेचलेला लसूण गुळात कालवून खंड्याच्या तोंडात घालायची आणि जबडा धरून ठेवायची. तो बिचारा डोळे मिटून गिळायचा. आणि दुसरी बाजू म्हणजे आमची चिकू. दोन वर्षांपूर्वी तिला गोचीडताप झाला. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरडी पाहिली. पांढरीफटक. त्यांनी विचारलं, "कांदा, लसूण असलं काही देता का?"

देत होते. गोचिडींसाठीच. आजीसारखाच, गुळातून.

तेव्हापासून हा लसूण कुत्र्याच्या तोंडात औषध म्हणून कसा गेला आणि विष कधी ठरला, हे सवडीने वाचत होते. मामा आणि भाची, दोघांसाठी लिहून ठेवते.

माणसांचा लसूण आपल्याकडे फारच जुना. काश्यपसंहितेत त्याच्यावर अख्खा लशुनकल्प आहे. मध्य आशियात कुचाजवळ सापडलेलं आणि १८९० साली बॉवर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाती आलेलं संस्कृत हस्तलिखित तर लसणाच्या गुणवर्णनानेच सुरू होतं. पण ते सगळं माणसांसाठी. आज जगभरचे कुत्रेवाले ज्या श्रद्धेने लसूण देतात, तिच्यामागे एका इंग्रज बाईंचा मोठा वाटा आहे. ज्युलिएट द बाराक्ली लेव्ही. जन्म १९१२, मँचेस्टरचा. पशुवैद्यकाचं शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडलं, जिप्सींमध्ये राहून झाडपाल्याची माहिती गोळा केली, अफगाण हाउंड पाळले, आणि १९५५ साली कुत्र्यांच्या वनौषधींवर पुस्तक लिहिलं. त्यात लसणाला मानाचं पान. बाई २००९ पर्यंत जगल्या आणि पुस्तक त्यांच्याहून जास्त फिरलं.

बाईंचं नाव झालं ते मुळात डिस्टेंपरच्या कुत्र्यांवरच्या उपचारांनी. त्या काळी या रोगाची दहशत इतकी होती, की १९२३ साली इंग्लंडमध्ये 'द फील्ड' या मासिकाने संशोधनासाठी निधी उभा केला. त्या पैशावर लेडलॉ आणि डंकिन या दोघांनी १९२६ साली हा रोग विषाणूचा आहे हे दाखवलं आणि पुढे लस केली. पण ज्याला रोग झालाच आहे त्याच्यावर नेमका उतारा नव्हता, आजही नाही. शुश्रूषा करायची आणि वाट बघायची. काही कुत्री आपोआप वाचतात. अशा रोगात वाचला तो लसणाने वाचला, गेला तो रोगाने गेला, असा हिशेब कुणाच्याही मनात सहज बसतो. मी बाईंना खोटं म्हणत नाही. आजीलाही नाही. दोघींनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं.

आता विषाची गोष्ट. तिची सुरुवात लसणापासून नाही, कांद्यापासून होते. अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो आहारातल्या कमतरतेमुळे होतो हे दाखवलं आणि त्यासाठी कुत्र्यांवरही प्रयोग केले, कारण कुत्र्यांना तसाच, जीभ काळी पडण्याचा रोग होतो. त्यांचे सहकारी सेब्रेल यांनी १९३० साली एक वेगळीच नोंद छापली : कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांना रक्तक्षय होतो. पुढच्याच वर्षी ग्रुझित नावाच्या संशोधकाने कांद्यात असते तशा जातीची गंधकाची संयुगं देऊन कुत्र्यांमध्ये तोच परिणाम घडवून दाखवला. ही संयुगं रक्तातल्या तांबड्या पेशींना जणू गंज चढवतात. आतलं हिमोग्लोबिन बिघडून त्याचे गोळे होतात (१८९० साली ज्यांनी ते वर्णन केले त्या हाइन्झ यांचंच नाव त्यांना आहे) आणि शरीर अशा पेशी मोडीत काढतं. माणसाच्या पेशींत हा गंज आवरणारं कॅटलेज भरपूर असतं, कुत्र्याच्या पेशींत फार कमी. मांजरांचं तर आणखी नाजूक.

म्हणजे कांदा पकडला गेला १९३० मध्ये. लसूण मात्र बराच काळ नात्याने आरोपी होता. भाऊबंद म्हणून चौकीवर बसवलेला. त्याच्यावरचा नेमका पुरावा जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठातून २००० साली आला. चार कुत्र्यांना सात दिवस, दर किलो वजनामागे ५ ग्रॅम लसणाइतका अर्क थेट पोटात दिला. पंधरा किलोच्या कुत्र्याला रोज ७५ ग्रॅम. आपल्या पाकळ्या दोन-तीन ग्रॅमच्या धरल्या तर पंचवीस ते सदतीस पाकळ्या! एवढा लसूण आजीने अख्ख्या आषाढातही दिला नसेल. मामा, हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे, लिहून घे.

पण पुढचं वाच. त्या कुत्र्यांच्या तांबड्या पेशी कमी झाल्या, आणि सगळ्यात खाली गेल्या त्या नवव्या ते अकराव्या दिवशी. म्हणजे लसूण बंद केल्यावर. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतलं हिमोग्लोबिन एका कडेला सरकलेलं दिसलं. आणि तरीही ज्याला रक्तक्षयाचा आजार म्हणावं असं एकाही कुत्र्याला झालं नाही.

मी हे वाचून बराच वेळ तशीच बसले. तीस पाकळ्यांना जे बाहेरून धड दिसलं नाही, ते आजीच्या दोन पाकळ्यांना कसं दिसणार? खंड्याला काही झालंही नसेल. पण झालं असतं, थोडंसं, तर ते कळायला कुत्र्याचं रक्त काढून मोजावं लागलं असतं, आणि तेही आठवडाभराने. 'दिला, काही झालं नाही' या आपल्या वाक्यात मोजणी कुठेच नाही. २००९ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने घोडे, कुत्री आणि मांजरांना देतात त्या तीन पूरक पदार्थांच्या सुरक्षिततेवर अहवाल काढला, त्यात एक लसूण होता. तिथेही आजवर किती दिला जातो आणि तक्रार आली का, यावरून 'ऐतिहासिक' सुरक्षित प्रमाण ठरवण्याची रीत वापरली आहे. थोडक्यात, आजीचीच रीत, मोठ्या प्रमाणावर.

होक्काइदोच्या त्या चमूतले यामातो यांची आणखी दोन कामं सांगायलाच हवीत. १९९२ साली त्यांनी दाखवलं, की काही कुत्र्यांच्या पेशींत जन्मतःच ग्लुटाथिओन आणि पोटॅशियम जास्त असतं आणि त्यांना कांदा जास्त बाधतो. एकाला पचलं ते दुसऱ्याला पचेलच असं नाही. आणि २०१८ साली याच यामातोंनी लसणाचा मुरवलेला अर्क बारा आठवडे कुत्र्यांना दिला. त्रास झाला नाही, उलट गंज आवरणारी विकरं वाढलेली दिसली. मुरवल्यावर लसणातली तिखट संयुगं बदलून जातात. भाचीबाई, हा मुद्दा तुझ्या विरोधात. पण आपल्या ओसरीवरचा लसूण म्हणजे तो अर्क नव्हे.

गोचिडींवर लसूण चालतो का? कुत्र्यांवर तसं सिद्ध झालेलं मला कुठे मिळालं नाही. लसणाबरोबर हमखास सुचवतात त्या ब्रुअर्स यीस्टची पिसवांवर चाचणी १९८३ मध्ये झाली होती, त्यात यीस्ट नापास झालं.

मला बोचतं ते वेगळंच. मद्रासच्या शिकारी हाउंड कुत्र्यांच्या रक्तात १९१० साली पॅटन यांना एक परजीवी सापडला, मग तोच कोल्ह्यांतही. आज त्याला बबेसिया गिब्सोनी म्हणतात. गोचिडीतून येतो आणि तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. चिकूला हाच झाला होता. हिमोग्लोबिन पाचावर आलं होतं, रक्त चढवावं लागलं. ज्या गोचिडीच्या भीतीने मी लसूण देत होते, तिने आणलेला रोग आणि माझा लसूण, दोघांचं गिऱ्हाईक एकच : तांबडी पेशी. डॉक्टर म्हणाले, "ताप लसणाने आलेला नाही, उगाच मनाला लावून घेऊ नका. पण आत्ता तिला एकही पेशी वाया घालवायची ऐपत नाही."

काल मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. आधी चिडला. मग म्हणाला, "खंड्याचं रक्त कोण तपासणार होतं गं तेव्हा? आमचंच कुणी तपासत नव्हतं." थोड्या वेळाने हळूच विचारलं, "मग गोचिडींना काय लावू? मोत्याच्या कानात पाच-सहा दिसल्या सकाळी." तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ने, वजन करून औषध देतील, म्हटलं. उद्या सकाळी नेतोय. फोन ठेवता ठेवता म्हणाला, गुळाची गोळी तेवढी देणार, नुसती, तिची सवय झालीये त्याला.