नाव सापडणे

अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झाली. मुंबईत टेलिफोन १८८२ सालीच आला होता. पण उपनगरांत तो घरोघर पोहोचायला फार वर्षे लागली. चाळीत तो एखाद्याच बिऱ्हाडी असे. बाकीची मंडळी नोकरीच्या अर्जावर त्याचाच नंबर लिहीत आणि पुढे ‘पी. पी.’ ही अक्षरे जोडीत. डिरेक्टरीत नाव एकाचे, निरोप मात्र साऱ्या मजल्याचे! बाकीच्यांचा पत्ता शेजारधर्माच्या वहीत होता, छापील वहीत नव्हता.

त्या छापील वहीची वाट एकच होती: आडनावाची. आडनाव ठाऊक असेल तर नंबर मिळे. नुसता नंबर हाती असला तर माणूस मिळत नसे. ‘जोशी’ पाहू जावे तर पानेच्या पाने जोशी. मग राहण्याचे ठिकाण पाहूनच आपला जोशी ओळखावा लागे.

संगणक एकमेकांना जोडले गेले तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९८८ साली टेलिफोन-तार खात्यांच्या जागतिक संघटनेने आणि मानक संस्थेने मिळून ‘एक्स ५००’ नावाची नियमावली केली. ती पेलायला जड होती. म्हणून १९९३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तिच्याकडे जाण्याची सोपी वाट निघाली. तीच ‘एलडीएपी’. हिच्यात नोंदी झाडासारख्या रचतात: देश, त्यात संस्था, तीत विभाग, विभागात माणूस. नोंदीचे पूर्ण नाव मात्र माणसापासून वर देशापर्यंत वाचायचे, अगदी आपल्या पाकिटावरच्या पत्त्यासारखे. शोधणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या: कोणत्या फांदीपासून पाहायचे, किती खोल जायचे आणि काय जुळले पाहिजे. आडनाव, विभाग, दूरध्वनी, कशावरूनही शोध घेता येतो. पवईच्या आय.आय.टी.त तर विद्यार्थ्याच्या संगणकावरील ओळखीलाच ‘एलडीएपी आयडी’ म्हणण्याची रूढी पडली आहे.

तरी जुनी अडचण सुटली असे आम्ही म्हणणार नाही. ‘सावंत’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘व्ही’ने. नोंद एका अक्षराने आणि शोध दुसऱ्याने झाला की समोर असलेला सावंतही यंत्राला दिसत नाही. जवळपास जुळणारे शोधण्याची सोय नियमांत आहे. पण ‘जवळपास’ म्हणजे किती, हे ज्या त्या यंत्रणेवर सोडले आहे. शिवाय कोणाला कोणती नोंद दिसावी, हे वही राखणाराच ठरवतो. ते योग्यही आहे, कारण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाच्या हाती पडणे हिताचे नाही.

तेव्हा शोधाची खरी कसोटी यंत्राच्या वेगात नाही. कोणाचे नाव लिहिले, कसे लिहिले आणि कोणाचे राहून गेले, हे आधी विचारले पाहिजे. चाळीत राहिलेली नावे हाक मारून तरी सापडत. यंत्राच्या वहीत ज्याचे नाव राहिले, त्याच्यासाठी जिन्यावरून हाक मारणारा शेजारी कोठून आणावा?