चिठ्ठीवर काय लिहायचं?

मंडळी, शाळेच्या प्रकल्पाची वही आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. मुखपृष्ठ छान रंगवलेलं, आत चित्रं चिकटवलेली आणि शेवटच्या पानावर ‘संदर्भ : इंटरनेट’ एवढंच. टिपणं कशी काढावीत हे आज आपण बघू, पण उपदेश म्हणून नव्हे, इतिहास म्हणून. त्यासाठी पुण्यात येरवड्याला, डेक्कन कॉलेजात जाऊ.

१९४८ साली तिथे डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानं संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू झालं. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे आणि त्यांतले शब्द टिपायचे. वहीत टिपले असते, तर ते वाचनाच्या क्रमातच अडकून पडले असते. म्हणून सुट्या चिठ्ठ्या घेतल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या ओळीत आला ती ओळ आणि ग्रंथातलं नेमकं स्थळ. चिठ्ठ्या पुढे वर्णानुक्रमानं लावता येतात, पुन्हा हलवताही येतात. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. कोशाचा पहिला भाग छापून आला तो १९७६ साली!

आता, स्थळाचा एवढा आग्रह का? तर हा कोश ऐतिहासिक पद्धतीचा आहे. शब्दाचा जुना अर्थ आधी, नंतरचा नंतर. अर्थ कोणत्या ग्रंथातला हे कळलं, तरच त्याचा काळ ठरतो. ग्रंथाचं नाव लिहायचं राहिलं, की टिपलेलं अगदी बरोबर असूनही ती चिठ्ठी कुठे लावायची ते कळत नाही. म्हणजे ती वायाच गेली.

या पद्धतीचा आदर्श होता ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश. जेम्स मरे यांनी १८७९ पासून तो असाच चिठ्ठ्यांवर उभा केला. पण १८८८ साली पहिला खंड पुरा झाला, त्यात ‘बॉन्डमेड’ हा शब्दच नव्हता. बॉन्डमेड म्हणजे दासी. तिच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या होत्या. हा शब्द कोशात आला १९३३च्या पुरवणीत. दासीची नोंद इतिहासात आधीच कमी, त्यात कोशातूनही ती इतकी वर्षं गायब! नीट लावून न ठेवलेल्या टिपणाची किंमत ही अशी असते.

मग आपल्या मुलांना काय सांगायचं? एका कागदावर एकच मुद्दा. वर कोपऱ्यात विषय. पुस्तकाचं नाव आणि पान आधी, मजकूर नंतर. लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत, आपले बाहेर. नाहीतर महिन्याभरानं कोणते कुणाचे हे आपल्यालाच ओळखू येत नाही. रोज उठताना कागद विषयवार लावून ठेवायचे.

आणि शेवटच्या पानावर ‘इंटरनेट’ दिसलं, तर रागावू नका. एवढंच विचारा, “बाळा, हे तुला नेमकं कुठे सापडलं? मलाही वाचायचंय.”