पटिभान : वंगीस थेर आणि काव्यप्रेरणेचा बौद्ध विचार

विहारात जमणारे लिहिते तरुण आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात : लेखनाची प्रेरणा कोठून घ्यावी? या प्रश्नाला आपल्या समाजात एक रूढ उत्तर आहे. प्रतिभा ही दैवी देणगी असते, ती शारदेची कृपा किंवा पूर्वजन्मीचे संचित असते, असे ते उत्तर. संस्कृत काव्यशास्त्राने प्रतिभेच्या जोडीला व्युत्पत्ती आणि अभ्यास यांनाही स्थान दिले, हे मान्य करावयास हवे. परंतु लोकमानसात रुजली ती जन्मजात देणगीचीच कल्पना. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्याकडे ही देणगीच नव्हती, असे म्हणणे त्यामुळे सोपे झाले. म्हणूनच हा प्रश्न केवळ साहित्यशास्त्राचा नाही. त्याचे उत्तर शोधताना पाली वाङ्मयाकडे वळणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पालीत 'पटिभान' असा शब्द आहे. संस्कृत 'प्रतिभान' शब्दाचेच हे रूप. त्याचा मूळ अर्थ समोर उजळणे, मनात स्फुरणे असा आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी निरनिराळ्या गुणांत अग्रगण्य ठरलेल्या शिष्यांची नावे सांगितली आहेत. त्यांत पटिभानाच्या बाबतीत अग्रस्थान आहे ते वंगीस थेरांचे. संयुत्त निकायात बारा सुत्तांचे एक स्वतंत्र प्रकरण त्यांच्या नावे आहे. थेरगाथेतील २६४ थेरांच्या गाथांचा शेवटही त्यांच्याच सत्तरहून अधिक गाथांनी होतो.

वंगीसांचे पूर्वायुष्य अट्ठकथांत आले आहे. ते ब्राह्मण कुळातील. मृताच्या कवटीवर नखाने टिचकी मारून तो मनुष्य कोठे जन्मला हे सांगणे, हा त्यांचा व्यवसाय होता. तथागतांनी एका अर्हताची कवटी त्यांच्यापुढे ठेविली, तेव्हा त्यांना काहीच सांगता येईना. ही नवी विद्या शिकून घ्यावी या लोभाने ते संघात आले आणि संघाचेच झाले. ही कथा उत्तरकालीन आहे आणि तिच्यातील चमत्कार बाजूला ठेवणे योग्य. तिचा आशय मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. लोकांना चकित करून पोट भरणारी वाणी एका प्रश्नापुढे मूक झाली आणि त्या मौनानंतरच खऱ्या काव्याचा आरंभ झाला.

श्रावस्तीच्या जेतवनातील एक प्रसंग या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तथागत साडेबाराशे भिक्खूंना निब्बाणाविषयी उपदेश करीत होते. वंगीसांना गाथा स्फुरल्या. त्यांनी रीतसर अनुमती मागितली आणि त्या म्हणून दाखविल्या. तेव्हा तथागतांनी विचारले, की या गाथा तू आधी योजून ठेवल्या होत्यास की येथेच स्फुरल्या? येथेच स्फुरल्या, असे उत्तर मिळताच त्यांनी आणखी अशाच गाथा म्हणावयास सांगितले. अट्ठकथा यामागचे कारण देते. वंगीस अध्ययन आणि ध्यान सोडून केवळ गाथा रचण्यात काळ घालवितो, अशी कुजबुज काही भिक्खूंत होती. तिला तथागतांनी हे जाहीर उत्तर दिले.

मग पटिभान शून्यातून येते काय? तसे दिसत नाही. अंगुत्तर निकायात कवींचे चार प्रकार सांगितले आहेत : चिंतन करून रचणारा चिंताकवी, ऐकलेल्यावर रचणारा सुतकवी, अर्थाच्या आधारे रचणारा अत्थकवी आणि तत्क्षणी स्फुरणारा पटिभानकवी. या चौघांत देवतेच्या कृपेने कवी झालेला कोणी नाही. वंगीसांच्या गाथांचे प्रसंग पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. पूर्वारामातील पवारणेचा दिवस, सारिपुत्तांचे प्रवचन, दीर्घ काळाने वेळुवनात आलेले वृद्ध कोण्डञ्ञ, चंपा नगरीची गग्गरा पुष्करिणी. प्रत्येक वेळी वंगीस कशाचे तरी साक्षी आहेत आणि मन लावून ऐकत किंवा पाहत आहेत. आमच्या मते वंगीसांच्या बाबतीत स्फुरणाचा क्षण अकस्मात येत असला, तरी त्यामागे श्रवणाची मोठी पुंजी आहे.

या देणगीचा धोकाही पाली परंपरेने लपविलेला नाही. आपल्या पटिभानाच्या गर्वाने वंगीस इतर सुशील भिक्खूंना तुच्छ लेखू लागले. हे स्वतःच्या ध्यानी येताच त्यांनी स्वतःचीच निर्भर्त्सना केली, आणि ती गाथांतूनच. एकदा भिक्षाटनास निघाले असता मनात कामविकार उठला, तेव्हा त्यांनी तो आनंदांपुढे उघड केला आणि उपाय विचारला. संघाने या गाथाही जतन केल्या. कवीची स्तुतिगीते ठेवावीत आणि त्याच्या दुर्बलतेची कबुली गाळावी, असे संघाला वाटले नाही. पोटासाठी काव्य रचणे हे ब्रह्मजाल सुत्ताने हीन विद्यांत गणले आहे. गंभीर उपदेश सोडून लोक कवींच्या नटव्या रचनांकडेच कान देतील, असा इशारा आणि सुत्तात आहे. उत्तम वाणीची कसोटी सुभासित सुत्त देते : ती सुभाषित असावी, धम्माला धरून असावी, प्रिय असावी आणि सत्य असावी. हे सुत्त ऐकून वंगीसांना लगेच गाथा स्फुरल्या, हा योगायोग आम्ही मानीत नाही.

पटिभान हा एकट्या वंगीसांचा मक्ता नव्हता. सुनीत थेर हीन मानलेल्या कुळात जन्मले. सुकलेली फुले गोळा करून टाकणे हे त्यांचे काम. लोक त्यांचा तिरस्कार करीत. तथागत मगधाच्या महानगरात येताना दिसले, तेव्हा त्यांनी खांद्यावरची कावड खाली ठेविली. त्यांच्या गाथांचा विषय तो क्षण आहे. मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि कुबड्या पती यांच्यापासून सुटल्याचा आनंद गातात. पटाचारा पाय धुतलेल्या पाण्याचा उताराकडे जाणारा ओघ पाहतात, नंतर दिव्याची वात सुईने खाली ओढतात, आणि चित्ताच्या मुक्तीला त्यातून रूप मिळते. या गाथा मुखपरंपरेने आल्या आणि इ.स.पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ग्रंथनिविष्ट झाल्या. त्यामुळे त्यातील प्रत्येक शब्द त्या त्या व्यक्तीचाच, असा आग्रह इतिहासाच्या अभ्यासकाने धरू नये. परंतु कावड, उखळ आणि दिव्याची वात हे काव्याचे विषय आहेत, असे संघाने मानले आणि ते शतकानुशतके कंठस्थ ठेविले, याविषयी शंका नाही. आमच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे.

या उत्तराचा अर्वाचीन दाखला आपल्या घरचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना विद्यार्थिदशेत एका सत्कारसभेत कृ. अ. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. 'दि बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही आठवण नोंदविली आहे. घरी होणारे महाभारत-रामायणाचे पठण आणि त्यावर वडिलांना विचारलेले प्रश्नही त्यांनी तेथेच सांगितले आहेत. हे प्रश्न त्या बुद्धचरित्राला भेटले. ग्रंथ लिहिण्याचे निमित्त पुढे कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकाने मागितलेल्या एका लेखाने दिले. ढासळत्या प्रकृतीत ग्रंथ पूर्ण झाला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. एका मुलाच्या हाती पडलेले पुस्तक आणि त्या महाग्रंथाची शेवटची पाने यांच्यामध्ये सुमारे अर्धशतकाचे श्रवण, वाचन, चिंतन आणि संघर्ष आहे.

म्हणून लिहू इच्छिणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे इतकेच, की प्रेरणेची वाट पाहत बसू नये. ऐकावे, वाचावे, प्रश्न विचारावे. आपल्या आजीच्या हातातील जाते आणि आपल्या बापाच्या खांद्यावरचे ओझे नीट पाहावे. स्फुरलेले सत्याच्या कसोटीस लावावे, आणि त्याचा गर्व झाला तर वंगीसांप्रमाणे तोही लिहून ठेवावा.