शिशाचे ५२ डबे

मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम मे १८०४ मध्ये मिसुरी नदीने वर निघाली आणि सप्टेंबर १८०६ मध्ये सेंट लुईसला परतली. तिच्या सामानाचे वर्णन करताना अनेक लेखक लुईसची मागणीची यादीच उतरवून देतात. पण मागणी हा केवळ मनसुबा असतो. खरेदी काय झाली ते फिलाडेल्फियाचा सरकारी खरेदी-अधिकारी इस्रायल व्हेलन याच्या १८०३ च्या हिशेबात सापडते, आणि वस्तू कामी आली की नाही ते रोजनिशीत. हे कागद शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

शिशाचे डबे घेऊ. जॉर्ज लडलॅम या कारागिराने केलेल्या ५२ डब्यांचे २६ डॉलर हिशेबात आहेत. दुसरीकडे ४२० पौंड शिशाचा पत्रा आणि १७६ पौंड बंदुकीची दारू दिसते. ४२० ला ५२ ने भागले की डब्यामागे आठ पौंडांहून किंचित जास्त शिसे येते. लुईसने १ फेब्रुवारी १८०६ रोजी पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या फोर्ट क्लॅटसॉपमध्ये केलेल्या नोंदीतही डब्याचे शिसे आठ पौंड आणि आतली दारू चार पौंड आहे. म्हणून हा पत्रा वेगळा माल नसून याच डब्यांचा असावा, असे मला वाटते. दारू संपली की डबा वितळवायचा आणि गोळ्या ओतायच्या. चार पौंड दारूला आठ पौंड शिसे बेताचे पुरते. रिकामे ओझे उरतच नाही.

त्या दिवशी सगळे डबे उघडून तपासले. नावा उलटून, पाणी शिरून ते कित्येक तास पाण्याखाली राहिले होते. तरी ३५ डब्यांतली दारू भरली तेव्हाइतकीच कोरडी निघाली. पाच बिघडले होते: तीन चेपून तडकलेले, एकाचे बूच निष्काळजीपणे बसवलेले, एकात खिळा घुसलेला. पाच डब्यांचे दोष असे वेगवेगळे लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या उरलेल्या ३५ च्या आकड्यावर मी विश्वास ठेवतो.

लुईसची लाडकी कल्पना मात्र दुसरीच होती. घडीची लोखंडी नाव हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात करून घेण्यासाठी तो महिनाभर अडकला. जुलै १८०५ मध्ये मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांच्या वर तिचा सांगाडा एल्क आणि गव्यांच्या कातड्यांनी मढवला. पण शिवणी बुजवायला डांबर हवे होते आणि त्यासाठी लागणारे पाइन वृक्ष तिथे नव्हते. कोळशाची पूड, मेण आणि चरबी यांचे मिश्रण टिकले नाही. नाव गळली आणि तिथेच सोडावी लागली.

व्हेलनच्या हिशेबात १९३ पौंड सुक्या सूपची किंमत आहे २८९ डॉलर ५० सेंट, म्हणजे डब्यांच्या अकरापट. सप्टेंबर १८०५ मध्ये बिटररूट पर्वतात शिकार मिळेना, तेव्हा तेच खावे लागले. १८ तारखेच्या नोंदीत शिल्लक आहे ती थोडे सूप, थोडे अस्वलाचे तेल आणि सुमारे २० पौंड मेणबत्त्या.

यादीत न दिसणारी मदतही मोठी. १८०४-०५ च्या हिवाळ्यात मिसुरीकाठच्या फोर्ट मँडन या मुक्कामात जळून निकामी झालेल्या शेगडीच्या पत्र्याचे तुकडे विकले गेले. चार इंच चौरस तुकड्याला तिथले मूलनिवासी मँडन लोक सात-आठ गॅलन मका देत. जॉन शील्ड्स हा लोहार लढाईच्या कुऱ्हाडी घडवून देई, त्याही मक्याच्या मोबदल्यात. लुईसने हे लोहारकाम मोठा आधार ठरल्याचे स्वतः लिहिले आहे. त्या हिवाळ्याचे श्रेय मँडन शेतकरी स्त्रियांना आणि लोहाराच्या भट्टीला द्यायला हवे.

परतल्यावर उरलेल्या बंदुका, दारूची शिंगे, शिसे, किटल्या आणि कुऱ्हाडी सेंट लुईसला जाहीर लिलावात विकल्या गेल्या. त्यातून सरकारजमा झालेली रक्कम ४०८ डॉलर ६२ सेंट.