शंभरात किती?

जूनमध्ये बदनापूरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात थोडा वेळ उभं राहा. तुरीचं बी मागणारा माणूस आकडाच बोलतो: "सातशे अकरा आलंय का?" बीडीएन ७११ हे वाण इथल्याच कृषी संशोधन केंद्राचं, म्हणजे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. बीडीएन म्हणजे बदनापूर.

या वाणाची खरी जाहिरात एका आकड्याने केली: १५० ते १५५ दिवस. आधीचं बीएसएमआर ७३६ मर आणि वांझ रोगाला दाद न देणारं, पण काढणीला यायला जवळजवळ सहा महिने घ्यायचं. मराठवाड्यातल्या हलक्या-मध्यम रानात परतीचा पाऊस गेला की ओल झपाट्याने उतरते. तिथे तीन आठवडे आधी शेंग भरणं म्हणजे पीक पदरात पडणं. हा हिशेब कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचा आकडा आला तो मात्र फसवणुकीच्या पोटी. एकोणिसाव्या शतकात युरोपात बियाण्यात वाळू आणि मेलेले दाणे मिसळणं सर्रास चाले. जुनं बी रंगवून नवं म्हणून खपवत. १८६९ साली इंग्लंडने या भेसळीविरुद्ध कायदा केला आणि त्याच वर्षी फ्रीडरिश नोब्बे या वनस्पतिशास्त्रज्ञाने जर्मनीतल्या थारांट इथे जगातलं पहिलं बियाणे तपासणी केंद्र उघडलं. बी चांगलं की वाईट, या वादाला त्याने मोजणीवर आणलं: इतके दाणे ठेवले, इतके उगवले. आजही प्रयोगशाळेत साधारणपणे ४०० दाणे, शंभराशंभराच्या चार वाट्यांत, उगवायला ठेवतात.

आपल्याकडे बियाणे कायदा १९६६चा. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६४ मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली होती. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बदनापूरपासून वीसेक किलोमीटरवरचं जालना बियाण्यांचं गाव झालं ते याच काळात. कायद्याने अधिसूचित वाणांच्या लेबलवर किमान उगवणशक्ती छापणं बंधनकारक केलं: तुरीला ७५ टक्के, सोयाबीनला ७०, हरभऱ्याला ८५.

माझ्या मते इथेच या आकड्याच्या कहाणीला वळण लागलं. किमान मर्यादा सगळ्यांना सारखीच, म्हणून तुरीच्या प्रत्येक पिशवीवर तोच ७५. ज्याचं बी ९० टक्के उगवतं त्याच्याही लेबलवर बहुधा ७५च. प्रत्येकाकडे असलेल्या आकड्यावर विक्री कशी होणार? मग उगवण पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत गेली आणि भिंतींवर, पत्रकांवर, टेम्पोच्या भोंग्यावर क्विंटल आले. एकरी अमुक क्विंटल, शेजारी फेटा बांधलेल्या शेतकऱ्याचा फोटो.

त्या क्विंटलाला मला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. रान कसलं होतं? पाणी किती वेळा दिलं? आणि असं किती जणांना आलं? संशोधन केंद्राच्या आकड्याबरोबर ही उत्तरं येतात, कारण तिथे नवं वाण तुल्यवाणाच्या शेजारी, सारख्याच रानात, अनेक हंगाम आणि अनेक ठिकाणी लावून पाहिलेलं असतं. ठिबकवरच्या एका प्लॉटचा विक्रम खरा असूनही कोरडवाहू शेतकऱ्याला चुकीच्या वाटेला लावू शकतो. जाहिरात लिहिणाऱ्याने "मध्यम जमीन, पावसावर, इतक्या शेतांची सरासरी" एवढं लिहिलं तर आकडा लहान होईल, पण पुढच्या मृगात गिऱ्हाईक त्याच दुकानाची पायरी चढेल.

घरच्या सोयाबीनची परीक्षा तर कुठल्याही लेबलाविना होते. भिजवलेलं गोणपाट अंगणात पसरायचं. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, दोन दाण्यांत बोटभर जागा ठेवून. वरून दुसरं ओलं गोणपाट घालून अलगद गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उलगडली की कोंदट, मातकट वास येतो. पांढरे कोंब तागाच्या धाग्यांत अडकलेले असतात. वेडेवाकडे, कुजके बाजूला काढायचे आणि धडधाकट तेवढे मोजायचे. सत्तर किंवा वर भरले तर नेहमीचं बी, कमी भरले तर त्या प्रमाणात जास्त पेरायचं.

मोजून झालं की बांधावरून शेजारी विचारतोच, "किती आलं?"

"शंभरात ब्याऐंशी."

आणि तो आपल्या पेऱ्यासाठी दोन पायल्या मागून ठेवतो.