झाडीसाठी ट्रॅक्टर : अश्वशक्तीचं खूळ

पडीक माळावर, डोंगराच्या पायथ्याशी किंवा बांधाकडेने ज्यांनी झाडी वाढवली आहे, त्यांच्यात एक मत आता सर्वमान्य होऊन बसलं आहे. झाडी साफ करायची आणि पुढे राखायची, तर छोटा ट्रॅक्टर घ्यावा. परवडेल तेवढ्या जास्त एचपीचा घ्यावा. आणि फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मग बघायलाच नको. हे मत मला चुकीचं वाटतं. पण ते अडाणीपणाचं नाही, म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. कसोटीला गाव घेऊ राळेगणसिद्धी. तिथली झाडी आपोआप उगवलेली नाही, नियम करून वाढवलेली आहे. त्यामुळे ती कशाने वाढते आणि कशाने मोडते हे तिथे स्पष्ट दिसतं.

पूर्वपक्षाचा पहिला आधार अनुभवाचा. महिंद्राचा युवराज २१५, स्वराज ७१७, कुबोटाचा बी २४४१ असे १५ ते २५ एचपीचे ट्रॅक्टर द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत उतरले आणि त्यांनी स्वतःला सिद्ध केलं. ओळीतून जातात, जागच्या जागी वळतात, फवारणीचा ब्लोअर ओढतात. बागेत जमतं ते झाडीत का जमू नये? दुसरा आधार मजुरीचा : सुगीत माणूस मिळत नाही, मग झुडपं तोडायला कुठून मिळणार? तिसरा आधार अनुदानाचा : महाडीबीटीवर अर्ज केला आणि नंबर लागला, तर लाख-सव्वा लाख मिळू शकतात, मग कमी एचपीवर का समाधान मानावं?

तिन्ही मुद्दे खरे आहेत. तरी निष्कर्ष चुकतो, कारण बाग म्हणजे झाडी नव्हे. बागेची जमीन सपाट केलेली असते, दगड वेचलेले असतात, ओळींतलं अंतर आपणच ठरवलेलं असतं. राळेगणचा डोंगरउतार यातलं काहीच देत नाही. पारनेर तालुक्याचा हा पर्जन्यछायेतला पट्टा. वर्षाचा पाऊस साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर, आणि खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले. त्यानंतर श्रमदानाने जे उभं राहिलं, त्यात उतारावरचे सलग समतल चर, नालाबांध, पाझर तलाव आणि त्यांच्या आधाराने जगलेली लाखो झाडं आहेत. हीच ट्रॅक्टरपुढची जमीन.

आता एचपीचं बघू. इंजिनाची ताकद जमिनीत उतरते ती चाकांच्या पकडीतून, आणि पकड ठरते ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनावर. युवराज २१५ पंधरा एचपीचा, वजन पावणेआठशे किलोच्या घरात. कुबोटा बी २४४१ चोवीस एचपीचा, पण वजन साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे एचपी वाढला आणि वजन घटलं. कोरड्या, भुसभुशीत मातीवर चाकांवरच्या वजनाच्या निम्मी ओढ मिळाली तरी नशीब. कुबोटा चारही चाकांनी ओढतो, म्हणून त्याला तीनशे किलोच्या आसपास ओढ मिळेल. फोर व्हीलचा फायदा खरा आहे तो इथे. पण त्यापुढचा एकेक एचपी चाकं जागेवर फिरवण्यात जातो.

तीनशे किलोंच्या ओढीने वेडी बाभूळ उपटत नाही. साखळी लावून जोर केला की मागची चाकं रुततात, ट्रॅक्टर मागच्या आसावर फिरू लागतो आणि पुढची चाकं उचलली जातात. साखळी आसाच्या वर, लिफ्टच्या वरच्या दांड्याला बांधलेली असेल तर ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटायला एखादा सेकंद पुरतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या हुकालाच लावावी हे कंपनीच्या पुस्तकात असतं, आणि ते पुस्तक सीटखाली असतं.

बरं, उपटता येत नसेल तर कापून टाकू, म्हणावं तर वेडी बाभूळ कापल्याने मरत नाही. तिचे डोळे जमिनीखाली, खोडाच्या बुडाशी असतात. वरून कापली की एकाच्या जागी पाच-सहा फोक फुटतात आणि पुढच्या वर्षी तेच काम दुप्पट होतं. ती मारायची तर वीतभर खाली जाऊन बुंधा काढावा लागतो. ते काम सात टनांच्या वरच्या जेसीबीचं किंवा टिकाव-पहार घेतलेल्या माणसाचं. मधला छोटा ट्रॅक्टर दोन्हीकडून कमी पडतो. झाडी साफ करणं हे एकदाच करायचं काम आहे. एकदाच्या कामासाठी यंत्र भाड्याने आणतात, विकत घेत नाहीत.

मग राखणीसाठी? इथे उताराचा प्रश्न येतो, आणि तोच सगळ्यात मोठा. चर समतल रेषेवर खणलेले असतात, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० ते ४५ सेंटिमीटर खोल. ट्रॅक्टर सरळ वर चढवला तर प्रत्येक चर ओलांडावा लागतो; पुढचं छोटं चाक त्यात बसतं, चराच्या खालच्या अंगाची भर मोडते आणि पुढच्या पावसात पाणी नेमकं तिथूनच फुटतं. चर वाचवायचे म्हणून दोन चरांच्या मधून आडवं जावं, तर ट्रॅक्टर कडेला कलतो. म्हणजे माती वाचवायची तर चालक धोक्यात, चालक वाचवायचा तर माती. मधला मार्ग नाही.

कडेला कलण्याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा दोन चाकांमधलं अंतर ८० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर आहे. असा ट्रॅक्टर उभ्या-उभ्या ३६ अंशांच्या कलापर्यंत तग धरतो. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण खालचं चाक १५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं आणि त्याच क्षणी वरचं १० सेंटिमीटरच्या दगडावर चढलं, की १७ अंश तिथेच खर्च झाले. उरले १९, म्हणजे मुळात एवढाच उतार असेल तर ट्रॅक्टर गेला. चाकांत १४० सेंटिमीटर अंतर असलेल्या मोठ्या ट्रॅक्टरला तोच खड्डा आणि तोच दगड १० अंशांनाच पडतो. अरुंदपणा हा बागेतला गुण उतारावर दोष होतो तो असा.

चौथा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ट्रॅक्टरमागे फिरणारं पात्याचं मोवर लावून झाडीखालचा पाला-गवत साफ करणं म्हणजे राखणी, असं धरलं जातं. राळेगणने कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी का केली? मोठं झाड कुऱ्हाडीने मरतं, पण उद्याचं झाड आजच रोप असताना तोंडाखाली जातं म्हणून. मोवर म्हणजे मोकाट सुटलेली शेळीच, फक्त शेळी निवडून खाते, हे तेवढंही करत नाही. घाणेरीबरोबर कडुनिंबाचं, सीताफळाचं, बाभळीचं वीतभर रोप त्याच फेऱ्यात जातं. दोन-चार वर्षं नियमाने मोवर फिरवलं की झाडी स्वच्छ, सुंदर आणि वांझ होते. रोटाव्हेटरने तर याहून वाईट : उथळ मातीतली पोसणारी मुळं तुटतात आणि मोकळी झालेली माती उतारावरून वाहून जाते. उतारावर ती परत तयार व्हायला पिढ्या लागतात.

इथे दुसऱ्या टोकाचे लोक टाळ्या वाजवतील : कुऱ्हाडबंदीच्या गावात यंत्र हवंच कशाला? त्यांचंही खरं नाही. चराई बंद केली की गवत कमरेएवढं वाढतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कडकडीत वाळतं. एक विडी पडली तर वीस वर्षांची झाडी एका दुपारी जाते. म्हणून गवत वेळेवर कापून बाहेर काढावं लागतं आणि जाळरेषा स्वच्छ ठेवाव्या लागतात. नव्या रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं. गवत वाहणं, पाणी वाहणं, पायथ्याची सपाट जाळरेषा साफ करणं, खड्डे घेणं ही कामं ट्रॅक्टरचीच आहेत. तिथे त्याला नाकारणं म्हणजे माणसाच्या पाठीवर ओझं ठेवणं.

तेव्हा सिद्धान्त असा. डोंगरउतारावरची झाडी माणसाने राखावी : विळा, कोयता, फार तर खांद्यावरचा ब्रश कटर, कारण रोप आणि तण यांतला फरक डोळ्यांना कळतो. मुळासकट काढायचं ते भाड्याच्या जेसीबीने, तेही सपाटीलाच. आणि ट्रॅक्टर पायथ्याला. तो निवडताना क्रम उलटा धरावा. आधी आपल्या वाटेची रुंदी आणि सगळ्यात तीव्र उतार मोजावा. मग ट्रॅक्टरचं वजन, चाकांमधलं अंतर वाढवता येतं का आणि ब्रेक पाहावे, कारण हजार लिटर पाण्याचा टँकर म्हणजे एक टन. साडेसहाशे किलोचा ट्रॅक्टर तो चढावर ओढेलही, पण उतारावर टँकरच ट्रॅक्टरला ढकलत नेतो. मग उलटल्यास चालकाला वाचवणारी मागची लोखंडी चौकट आणि सीट बेल्ट. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे जवळजवळ थांबले. एचपी सगळ्यात शेवटी.

आणि हिशेब जमत नसेल, म्हणजे झाडीचं काम वर्षाला मोजकेच दिवस निघणार असेल, तर अवजारे बँकेतून भाड्याने घ्यावा. अनुदान मिळतं म्हणून घेतलेलं यंत्र अनुदान संपल्यावरही डिझेल पितं. घ्यायचाच असेल तर डेमो शोरूमपुढच्या डांबरावर बघू नये. भरलेला टँकर लावून तो आपल्या वाटेवरून खाली उतरवून दाखवायला सांगावं. जो विक्रेता याला कां-कूं करेल, त्याच्याकडे एचपी विचारायचीही गरज नाही.