भिलापूर ते सावली : एका यादवीचा कागदोपत्री माग

वडोदऱ्याच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर सावली हे गाव आहे. बडोदे संस्थानातल्या गावांची माहिती देणाऱ्या इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये इथल्या दोन देवळांची नोंद आहे. एक दमाजी गायकवाडाच्या स्मरणार्थ बांधलेले. दुसरे त्याच्या वडिलांचे, पिलाजीचे, आणि ते पहिल्यापेक्षा साधे. ज्याने गुजरातेत गायकवाडांचा पाय रोवला त्याचे स्मारक साधे का, याचे उत्तर त्याच्या मरणात आहे. 1732 मध्ये डाकोरला पिलाजीचा खून झाला. त्याच्या माणसांनी प्रेत घेऊन घाईने मही नदी ओलांडली आणि सावलीला अग्नी दिला.

या मरणाची कारणे शोधायला निघाले की कागद आपल्याला एक वर्ष मागे नेतात. 1 एप्रिल 1731 रोजी डभई आणि भिलापूर यांच्या दरम्यान लढाई झाली. एका बाजूला मराठी राज्याचा पेशवा बाजीराव, दुसऱ्या बाजूला त्याच राज्याचा सेनापती त्रिंबकराव दाभाडे. दोघांचे धनी साताऱ्याचे शाहू महाराज. दोघेही महाराजांच्याच नावाने लढले.

या यादवीची गोष्ट आपल्याकडे बहुधा एका वाक्यात संपवतात: ब्राह्मण पेशवा आणि मराठा सेनापती यांचे वैर. नंतरच्या दीडदोनशे वर्षांच्या राजकारणाने हे वाक्य घट्ट केले. ते पडताळायचे तर एकच मार्ग आहे. लढाई होण्याआधी दोन्ही पक्ष काय मागत होते, ते आधीच्या कागदांत पाहायचे. अमेरिकेच्या यादवी युद्धाबाबतही हाच प्रश्न येतो. 1865 ला दक्षिणेकडची राज्ये हरली, आणि त्यानंतर त्यांच्या कैवाऱ्यांनी लिहिले की भांडण राज्यांच्या हक्कांचे होते. पण 1861 च्या जानेवारीत फुटून निघताना मिसिसिपीने काढलेल्या जाहीरनाम्यात आपली बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी जोडलेली आहे असे उघड लिहिले आहे. हरल्यावर सांगितलेले कारण आणि लढायला निघताना सांगितलेले कारण यांत इतिहासकाराने दुसरे धरावे. भिलापूरलाही मी तोच नियम लावतो.

सुदैवाने साधने चांगली आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातून निवडून छापलेल्या पंचेचाळीस खंडांपैकी बारावा खंड दाभाडे आणि गुजरातची स्वारी यांनाच दिलेला आहे. सरदेसाईंची हयातीतली कमाईची वर्षे बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या नोकरीत गेली. पिलाजीच्या वंशजाचे मीठ खाऊनही त्यांनी पेशव्यांचे कागद तितक्याच आस्थेने लावले. दुसरे साधन म्हणजे अहमदाबादच्या मुघल दिवाणीतला अधिकारी अली मुहम्मद खान याचा ‘मिरात-ए-अहमदी’ हा फारसी ग्रंथ, जो बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. तिसरा ग्रँट डफ. साताऱ्याचा रेसिडेंट असताना राजघराण्याचे कागद त्याच्या हाताखालून गेले, आणि 1826 ला त्याचा इतिहास बाहेर आला. मराठी, फारसी आणि इंग्रजी या तीन बाजू एकत्र ठेवल्या की भांडणाचे मूळ दिसू लागते.

मूळ आहे 1719 मध्ये. त्या वर्षी तेव्हाचा पेशवा बाळाजी विश्वनाथ याने दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या होत्या. गुजरात त्यांत नव्हती. म्हणजे गुजरातेतल्या मराठी अमलाला बादशाही कागदाचा आधार नव्हता, होता तो तलवारीचा. ती तलवार दाभाड्यांची होती. तळेगावचा खंडेराव दाभाडे 1717 ला सेनापती झाला, आणि बागलाण व गुजरात ही त्याच्या पथकांची जागा मानली जाऊ लागली. त्याच्याच हाताखाली 1720 च्या बाळापूरच्या लढाईत पहिला दमाजी गायकवाड पुढे आला. तो लवकरच वारला आणि पुतण्या पिलाजी त्याच्या जागी आला. पिलाजीने सोनगडला ठाणे केले, भिल्ल आणि कोळी यांच्याशी संधान बांधले आणि तिथून सुरतेच्या मुलखावर दाब बसवला.

मग कागद येऊ लागले, आणि प्रत्येक कागद वेगळ्या सुभेदाराचा. 1724-25 ला निजामाचा नायब हमीद खान याने आपल्या शत्रूंविरुद्ध मदत मिळावी म्हणून पिलाजी आणि दुसरा मराठा सरदार कंठाजी कदम बांडे यांना चौथाई देऊ केली. दोघांत तंटा झाला तेव्हा महीच्या पश्चिमेकडची वसुली कंठाजीला आणि पूर्वेकडची पिलाजीला, अशी वाटणी ठरली. सावली महीच्या पूर्वेला आहे, हे इथे लक्षात ठेवावे. 1727 च्या सुमारास वडोदरा आणि डभईही पिलाजीच्या हाती आली.

1730 ला नवा कागद आला. सुभेदार सरबुलंद खान हतबल झाला होता. त्याने सुरत वगळून सगळ्या गुजरातची चौथाई आणि सरदेशमुखी पेशव्याला लिहून दिली. बदल्यात पेशव्याने अडीच हजार स्वार ठेवून मुलखाचा बंदोबस्त करायचा होता. त्यात आणखी एक कलम होते: बंडखोर जमीनदार आणि दंगेखोरांना कोणत्याही मराठ्याने साथ देऊ नये. कलमात नाव नाही. पण भिल्ल-कोळ्यांना हाताशी धरणारा मराठा गुजरातेत एकच होता, आणि डफनेही या कलमाचा रोख पिलाजीवर होता हे ओळखले आहे.

आता दोन हक्क समोरासमोर उभे राहिले. दाभाडे म्हणत होता की मुलूख आम्ही घेतला, महाराजांच्या दरबारात तो आमचा मानला जातो. पेशवा म्हणत होता की सुभेदाराचे लेखी आमच्याकडे आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. निवाडा करायची जागा सातारा होती, आणि साताऱ्याने निवाडा केला नाही. शाहू महाराजांनी समजुतीचे प्रयत्न केले, त्रिंबकरावाला भेटीला बोलावले, पण गुजरात कुणाची हे स्पष्ट शब्दांत ठरवले नाही. या सगळ्या प्रकरणात माझा मुख्य आक्षेप महाराजांच्या या मोघमपणावर आहे. त्यांच्या सौजन्याची आणि दयाळूपणाची स्तुती आपण नेहमी वाचतो. 1730 सालच्या त्या सौजन्याची किंमत त्यांच्याच सेनापतीला मोजावी लागली.

त्रिंबकराव जानेवारी 1730 मध्ये वडिलांच्या जागी सेनापती झाला होता. त्याने निजामाशी बोलणी सुरू केली. निजामाचा दोन वर्षांपूर्वी पालखेडला बाजीरावाने पराभव केला होता, तेव्हा त्याला हे हवेच होते. हा फितुरीचा डाग दाभाड्यांवरून पुसता येणार नाही. सेनापतीच्या बाजूला कोण होते तेही पाहावे: पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे, उदाजी आणि आनंदराव पवार, आणि चिमणाजी दामोदर. उदाजी पवार काल-परवापर्यंत पेशव्याच्या माळव्यातल्या मोहिमांतला माणूस. चिमणाजी दामोदर पंडित, ब्राह्मण. जातीची रेघ या यादीवर सरळ ओढता येत नाही. डफ सांगतो की दाभाड्याने पस्तीस हजार फौज जमवली, आणि महाराजांचा अधिकार राखायला दक्षिणेत जात असल्याचे जाहीर केले. हा दावा जात पुढे करत नाही, पेशव्याने धन्याचा अधिकार गिळला अशी तक्रार करतो. पेशव्याविरुद्ध ही तक्रार पुढेही अनेकदा झाली, आणि ती अगदी पोकळ नव्हती.

बाजीरावही स्वच्छ हातांनी आला नव्हता. सरबुलंद खानाच्या जागी जोधपूरचा अभयसिंह सुभेदार झाला होता. 1731 च्या आरंभी अहमदाबादेत बाजीरावाने त्याच्याशी बोलणी केली. चौथाईबद्दल 13 लाख ठरले, आणि पिलाजी व कंठाजीला गुजरातेबाहेर घालवायचे पेशव्याने कबूल केले. म्हणजे सेनापती निजामाशी बोलत होता, तर पेशवा बादशहाच्या सुभेदाराशी. मग बाजीरावाने पिलाजीच्या ताब्यातल्या वडोदऱ्याला वेढा घातला, आणि दाभाड्यांची फौज जवळ येते आहे हे कळताच वेढा सोडून त्यांच्या अंगावर गेला.

भिलापूरला पेशव्याची फौज संख्येने कमी होती. पहिल्या रेट्यात तिची पीछेहाट झाली, पण दाभाड्यांच्या बाजूची नवी पथके लवकर फुटली. त्रिंबकराव हत्तीवर होता. त्याने हत्तीचे पाय साखळदंडांनी बांधून घेतले होते, म्हणजे मागे जायची वाटच उरणार नाही. तिथे गोळी लागून तो पडला. ही गोळी त्याच्याच मामाने, ठोके याने, फितून मारली असे पुढे बोलले जाऊ लागले. त्रिंबकरावाची आई उमाबाई हिचे माहेर अभोण्याचे ठोके देशमुख, तेव्हा ही गोष्ट घराघरांत पसरणे साहजिक होते. पण अशी गोष्ट पराभूत घरात नेहमी उगवते, आणि रणांगणावरच्या धुमाळीत कोणाची गोळी कुणाला लागली हे सांगणारा भरवशाचा साक्षी मिळणे कठीण. मी तिला कहाणी म्हणूनच ठेवतो. जावजी दाभाडे आणि मालोजी पवार ठार झाले. पिलाजीचा मुलगा सयाजी तिथेच पडला. उदाजी पवार आणि चिमणाजी दामोदर कैद झाले. जखमी पिलाजी सोनगडकडे निसटला.

बारा दिवसांनी, 13 एप्रिल 1731 रोजी, शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात वारणेचा तह झाला. चोवीस वर्षांची भाऊबंदकी वारणा नदीची हद्द लेखी ठरवून मिटली. सातारा लेखी हद्द ठरवू शकत होते, याचा हा पुरावा. दाभाडे-पेशव्यांसाठी ते काम लढाईनंतर झाले. त्रिंबकरावाचा धाकटा भाऊ यशवंतराव सेनापती झाला, कारभार आई उमाबाईकडे आला, आणि पिलाजीला तिचा मुतालिक म्हणून सेनाखासखेल हा किताब मिळाला. गुजरात सेनापतीने आणि माळवा पेशव्याने सांभाळावा, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये, आणि गुजरातच्या वसुलीचा अर्धा हिस्सा पेशव्याच्या मार्फत सरकारात भरावा, असे ठरले. महाराजांनी तळेगावला जाऊन उमाबाईच्या हाती तलवार दिली आणि बाजीरावाला तिच्यापुढे उभे केले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती खरी असो नसो, ‘पेशव्याच्या मार्फत’ हे शब्द तिच्याहून वजनदार आहेत. त्यांच्या बळावर पुण्याला गुजरातचा हिशेब मागायचा कायमचा अधिकार मिळाला.

दाभाड्यांची आणखी एक गोष्ट पुण्याला आली. खंडेराव दर श्रावणात तळेगावला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असे. ती प्रथा बाजीरावाने पुण्यात चालू ठेवली. पुढे पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून 1821 ला पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. पराभूत घराच्या देणगीचे इतके दूरचे फळ पाहिले की मन गलबलते.

पिलाजीला सेनाखासखेल होऊन वर्षही झाले नाही तोच अभयसिंहाने त्याच्याशी तहाची बोलणी लावली. डाकोरला जासूद येत-जात राहिले, दोन्हीकडून चर्चा लांबली, विश्वास बसला. एका संध्याकाळी अंधार पडल्यावर अभयसिंहाची माणसे निरोप घेऊन डेऱ्याबाहेर पडली. त्यांतला एक, काही सांगायचे राहिले असे दाखवून परत आत आला, पिलाजीच्या कानाशी वाकला आणि खंजीर खुपसला. मारेकरी जागीच ठार झाला. डेऱ्यातल्या माणसांकडे रात्र काढायलाही उसंत नव्हती, कारण अभयसिंहाची फौज मागे होती. मही पार केली की पूर्वेला आपला मुलूख, म्हणून सावली. सावली ही अशी नकाशाने ठरवलेली जागा आहे: 1725 च्या वाटणीतली आपल्या बाजूची पहिली सुरक्षित जागा.

वडोदरा लगेच हातचे गेले. उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेली. 1734 ला पिलाजीचा भाऊ महादजी याने वडोदरा परत घेतले, त्यात पादऱ्याच्या देसायाची मोठी मदत झाली. तेव्हापासून ते 1949 च्या विलीनीकरणापर्यंत वडोदरा गायकवाडांचेच राहिले. पिलाजीचा मुलगा दमाजी याने 1751 ला साताऱ्याच्या राजघराण्यातल्या ताराबाईच्या बाजूने तेव्हाच्या पेशव्यावर स्वारी केली, साताऱ्याजवळ हरला, कैदेत पडला आणि अर्धी गुजरात लिहून देऊन सुटला. दाभाडे यातून कायमचे बाजूला झाले. उमाबाई 1753 ला पुण्यात वारली.

अर्ध्या गुजरातेचा हा हिशेब पेशवे आणि गायकवाड यांच्यात पुढे साठ वर्षे चालू राहिला. 1814 ला पेशव्याच्या अहमदाबादच्या हिश्श्याची मक्ता-मुदत संपली. थकबाकीचा वाद मिटवायला गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आला, आणि जुलै 1815 मध्ये पंढरपुरात त्याचा खून झाला. त्या खुनाचा वचपा म्हणून इंग्रजांनी 1817 च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून पुण्याचा तह लिहून घेतला. त्यातल्या एका कलमाने पेशव्याने वार्षिक 4 लाख रुपयांच्या बदल्यात गायकवाडांवरचे आपले मागचे सगळे हक्क सोडले. पाच महिन्यांनी, 5 नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली.